धुराची वाट

इंजिन बसवलं दुसऱ्यांनी. चौघं होते, साखळी होती,
नंतर अंगणात मांस भाजलं, बॉनेटपाशी फोटो काढले.
सोमवारी गाडी माझ्याकडे आली, दोरीनं ओढत.
धूर कुठून जाणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

नेहमीचंच आहे हे.
आमच्या गावाचं नाव तेहतीस. हो, आकडाच.
परका माणूस हसतो, मग वेशीवरची पाटी बघून गप्प होतो.
उरुग्वेत असली गावं असतात.
जुलै चालू होता, पाना हाताला डसत होता.

गाडी एक्कावन्नची शेवरोले, मागे हौदा,
रंग कधीकाळी हिरवा.
पोटात आता बेकरीच्या मोडीत निघालेल्या व्हॅनचं डिझेल,
चार सिलिंडरचं, कुरकुऱ्या स्वभावाचं.
जुनं इंजिन डावीकडून श्वास सोडायचं.
हे उजवीकडून.
घोडं अडलं ते एवढ्यावरच.

पाठीखाली पुठ्ठा घेऊन आत सरकलो.
फ्लँजचे दोन बोल्ट निघाले, तिसरा तुटला.
तिसरा तुटतोच.
ड्रिल, तेल, शिव्या, पुन्हा तेल.
मग जाड तार वाकवून वाट काढली:
स्टार्टरखालून, चॅसीला वळसा घालून,
ब्रेकच्या नळीपासून चार बोटं लांब.
तीन पुरत नाहीत. हे मी एकदाच शिकलो, उतारावर.

पाईप कापला, पाचर काढली, वाकवला,
आधी नुसते टाके घातले, शिंप्यासारखे कच्चे,
बाहेर काढून पाहिलं, उसवलं, पुन्हा घातले.
मधे जाळीचा लवचीक तुकडा:
इंजिन थरथरणार, चॅसी जागची हलणार नाही,
दोघांत कुणीतरी वाकणारं हवं.
घरोघरी असतं तसं.

निबिया अकोस्ता टायरवर बसून होती,
एकोणीस किलोमीटरवरच्या शाळेची मास्तरीण,
मुलं सात, शिक्षक ती एकटी.
येर्बाचा कडू काढा धातूच्या नळीनं ओढत म्हणाली,
“आवाज पहिल्यासारखा येईल ना, विल्मार?”
म्हटलं, बाई, सहाचा सूर चारातून कसा निघेल?
“मला काही नाही हो. कुत्र्याला.”

कुत्र्याचं नाव तेनिएन्ते. दोन्ही डोळे गेलेले.
गाडी पुलावर आली की तो फाटकाशी येऊन उभा राहायचा,
रोज, वाऱ्याची दिशा कुठलीही असो.

मग मी बसचा लांब सायलेन्सर लावून पाहिला.
मग आखूड.
मग शेपूट हातभर वाढवलं.
आवाज खर्जात गेला, सुंदर गेला खरं तर,
पण तो कुणा तिसऱ्याच गाडीचा होता.
तिनं मान हलवली, पैसे दिले. मी म्हटलं,
आठवड्यानं या, तापून क्लॅम्प सैल पडतात.

आली.
“पहिल्या दिवशी भुंकला,” म्हणाली,
“दुसऱ्या दिवशी टायरला चावला.
परवा मात्र आला. दगडांचा रस्ता लागल्यावर.
पूल नाही, तिथून पुढे, पण आला.”

मी खाली सरकलो. क्लॅम्प आवळले.
डाव्या अंगाला, जुना सायलेन्सर टांगायचा तो हूक
मी काढायचा विसरलो होतो.
बोटानं ढकलला. टिंग, चॅसीवर.
पुन्हा. टिंग.
वर तिचे बूट थबकले.
“त्याला हात लावू नका.”

तीस वर्षं मी खडखड बंद करून पोट भरतो.
माझ्या हातून गेलेल्या गाडीखाली
काही वाजलं तर मला रात्री झोप लागत नाही.
करवत उशापाशीच होती, पुठ्ठ्यावर.

बिल लिहिलं: गॅस्केट एक, बोल्ट तीन,
पाईप अडीच मीटर, टाके.
हुकाची ओळ लिहायला घेतली
आणि पेन तिथंच राहिलं.